झेडपीच्या शाळेतला भेदभाव कुठे शोधायचा आणि कसा थांबवायचा

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. महाराष्ट्रात २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशीच्या भाषणांत एक गोष्ट बहुधा राहून जाते. शाळेने त्यांना प्रवेश नाकारला नव्हता. नाव पटावर होते, शिकणेही चालू होते. पण बसायचे ते घरून आणलेल्या तरटावर, आणि ते तरट संध्याकाळी परत घरी न्यायचे, कारण शाळा झाडणारा माणूस त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला आपण हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर कोरड्या घशाने बसायचे.

म्हणजे भेदभाव दाराबाहेर नव्हता, पटाच्या आत होता. बसण्यात, पाण्यात, झाडण्यात. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत आधी वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापिका आणि शेवटी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारी अधिकारी, म्हणून काम केले. आजही तो मला याच जागी सापडतो. ‘आमच्या शाळेत तसलं काही नाही’ असे सांगणारे सहकारी खोटे बोलत नसतात. ते भांडण, शिवीगाळ, प्रवेश नाकारणे असे काही शोधत असतात आणि तसे काही नसते. रोजच्या सवयींकडे मात्र कुणी बघितलेले नसते. म्हणून हा लेख पायरी-पायरीने लिहिला आहे. शिक्षक, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि पालक, कुणालाही तो वापरता येईल.

कायद्याचे थोडक्यात सांगते. संविधानाचा अनुच्छेद १५ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून भेदभाव करायला राज्यसंस्थेला मनाई करतो, अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम ९ नुसार दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभाव होऊ न देणे ही स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेची जबाबदारी आहे. कलम १७ मारण्याबरोबरच मानसिक छळालाही बंदी घालते. वर्गासमोर जातीवरून, रंगावरून, घरच्या धंद्यावरून मुलाला खाली पाहायला लावणे हा छळच आहे. चांगुलपणा म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून हे करायचे आहे, एवढे डोक्यात पक्के असले की पुढचे सोपे जाते.

पायरी १: आठवडाभर नुसते बघा आणि लिहा

लगेच काही बदलू नका. एक वही घ्या आणि पाच वेळा ठरवा: परिपाठ, पहिला तास, पाणी पिण्याची सुट्टी, पोषण आहार, खेळाचा तास. प्रत्येक वेळी कागदावर चौकोन काढून कोण कुठे बसले किंवा उभे आहे ते नावानिशी मांडा. सोबत एवढेच टिपा: झाडू कुणाच्या हातात होता, बाईंचा डबा आणायला कोण गेले, प्रार्थना कुणी सांगितली, प्रश्न कुणाला विचारले, शाबासकी कुणाला मिळाली, कुणाला नावाऐवजी दुसऱ्या कशाने हाक मारली.

हे मुलांना सांगू नका आणि सहकाऱ्यांची परीक्षा घेतल्यासारखेही करू नका. आधी स्वतःच्या वर्गाचे करा. मी पहिल्यांदा केले तेव्हा माझी नोकरीची बरीच वर्षे झाली होती. शुक्रवारी कागद शेजारी शेजारी ठेवले, तर भिंतीकडच्या शेवटच्या बस्करपट्टीवर पाचही दिवस तीच चार मुले होती आणि चौघेही एकाच वस्तीतले. त्यांना तिथे बसवले कुणी? कुणीच नाही. ती आपली आपण बसली होती आणि मी ते मोडले नव्हते. त्या आठवड्यात मी त्यांना प्रश्न विचारले होते ते फक्त ‘गृहपाठ केला का’ एवढेच. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

शेवटी आडनाव आणि वस्ती यांच्याशी ते कागद ताडून बघा. एखादा नमुना दिसला तर तिथून सुरुवात.

पायरी २: बसणे आणि झाडू

बसण्याची जागा मुलांच्या मर्जीवर सोडली की गावाची रचना वर्गात येते. म्हणून जागा फिरती ठेवा. सर्वांत सोपी पद्धत म्हणजे दर सोमवारी प्रत्येक रांग एक पट्टी पुढे सरकते आणि पुढची मागे जाते. जोड्या चिठ्ठ्या काढून ठरवा, दर पंधरवड्याला बदला. नीट न दिसणारी किंवा ऐकू न येणारी मुले तेवढी पुढे कायम. ‘हुशार’ आणि ‘कच्ची’ असे गट करून बसवणे बंद करा. वाचनाचा सराव पातळीप्रमाणे घ्यायचा असेल तर तेवढ्या तासापुरते गट करा आणि तास संपला की मोडा. कायमचे गट जातीच्या आणि गरिबीच्या रेषेवरच पडतात, हे मी इतक्या शाळांत पाहिले आहे की आता अपवाद दिसला तर नवल वाटते.

सफाईचा तक्ता भिंतीवर लावा. त्यात मुलगे-मुली दोघे हवेत, सगळ्या वस्त्यांतली मुले हवीत, आणि शिक्षकांचेही नाव हवे. सरांनी आठवड्यातून एकदा झाडू हातात घेतला की काम हलके ठरत नाही. स्वच्छतागृह साफ करणे मात्र कोणत्याही मुलाकडून करून घ्यायचे नाही. त्यासाठी शाळेच्या अनुदानातून किंवा ग्रामपंचायतीकडून माणूस लावा. हे काम चुकूनही ठरावीक मुलांकडे गेले, तर तो साधा निष्काळजीपणा नाही. एखाद्या घराण्याचा धंदा त्या घरच्या पोरावर शाळेतच लादला जातो.

पायरी ३: पाणी आणि पोषण आहार

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. जेवण आणि पाणी हीच जात पाळण्याची जुनी ठिकाणे आहेत.

पाण्यासाठी नळ असेल तर प्रश्न अर्धा सुटतो. माठ किंवा पिंप असेल तर ओगराळे कोण बुडवते ते पाहा. एखादा ‘पाणीवाला’ मुलगा नेमलेला असतो आणि तो विशिष्ट घरचाच असतो, बाकीच्यांना वरून ओततो. ही नेमणूक रद्द करा. पिंपाला तोटी बसवून घ्या, खर्च फार नाही. स्टाफरूममधला शिक्षकांचा माठ कोण भरतो, तेही बघा.

आहार वाटताना मुलांना रांगेत कसे बसवायचे? ‘बसा कुठेही’ म्हटले की गटच पडतात. जन्माच्या महिन्याप्रमाणे बसवा, किंवा पहिली ते चौथीचे एकेक मूल अशी मिसळ करा. मोठ्याने धाकट्याला वाढायचे, अशी जोडी लावली तर मुलांना ते आवडते. घरून ताट आणण्याची पद्धत असेल तर कुणाकडे स्टीलचे, कुणाकडे चेपलेले जर्मनचे, आणि ताटांच्या घासण्याधुण्यातही वेगळेपण येते. लोकवर्गणीतून एकसारखी ताटे घ्या, धुऊन एकाच ढिगात ठेवा, आणि हाताला येईल ते ताट घ्यायचे असा नियम करा. या एका गोष्टीने जे घडते ते दहा भाषणांनी घडत नाही. जिथे अंडी मिळतात तिथे अंडी खाणाऱ्यांची वेगळी पंगत लावू नका. न खाणाऱ्याच्या ताटात केळे पडेल, पण तो त्याच रांगेत बसेल.

आता स्वयंपाकी ताई. २० एप्रिल २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की शालेय आहारासाठी स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यावे. नेमणूक तशी झाली आणि दुसऱ्या दिवशी काही मुले डबा घेऊन आली, तर घाबरून ताईंना ‘फक्त भांडी घासा’ असे सांगू नका. तिथे हरलात की पुढची दहा वर्षे हरलात. त्याऐवजी असे करा:

आहाराची चव शिक्षकांनी आधी घ्यायची आणि नोंद करायची असा नियम आहेच. ती चव मुलांसमोर घ्या आणि त्यांच्यासोबतच पंगतीत जेवा. महिन्यातून एकदा समितीच्या दोन सदस्यांना जेवायला बोलवा. डबा आणणाऱ्या मुलाला रागावू नका, तो घरचे ऐकतो आहे. त्याच्या घरी जा, संध्याकाळी, शक्यतो एखाद्या वडीलधाऱ्या पालकाला बरोबर घेऊन. शांतपणे सांगा, ‘काका, शाळेत एकच चूल आहे आणि ती तशीच राहणार. पोरानं जेवायचं की नाही ते तुमच्यावर, पण ताईंना कुणी काही बोललं तर मला पुढं कळवावं लागंल.’ बहुतेक घरी एवढे पुरते. न पुरल्यास पुढची पायरी खाली दिली आहे.

पायरी ४: नाव, शिक्का आणि भाषा

मुलाला त्याच्या पाळण्यातल्या नावाने हाक मारा. जातीवरून, रंगावरून, व्यंगावरून पडलेली टोपणनावे शिक्षकांच्या तोंडून आधी जायला हवीत, मुलांच्या तोंडून ती आपोआप जातात.

पारधी मुलांविषयी वेगळे लिहावेच लागेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर चोर म्हणून शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का मात्र वर्गात अजून जिवंत आहे. कंपास हरवला की पहिले दप्तर कुणाचे तपासले जाते? शाळेत कुणाचेही दप्तर झडतीसारखे उघडायचे नाही, हा लेखी नियम करा. वस्तू हरवली की सगळ्या वर्गाने मिळून शोधायची. हरवले-सापडले अशी एक पेटी दारात ठेवायची. सापडलेली वस्तू तिच्यात कुणी टाकली ते विचारायचे नाही.

मेळघाटात मूल कोरकू बोलत येते, धडगावात पावरी, गडचिरोलीत गोंडी, रायगडात कातकरी. पहिलीतले मूल गप्प असते तेव्हा ते मंद नसते, त्याला आपली मराठी समजत नसते. घरची भाषा बोलल्यावर दंड किंवा हसणे बंद करा. मुलांकडूनच शंभरेक शब्द गोळा करा: पाणी, भूक, दुखते, लघवीला जायचे, समजले नाही. हे शब्द मराठीसोबत भिंतीवर लिहा आणि ते आधी तुम्ही शिका. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवायला आणि मुलाला भीतीपासून मुक्त ठेवायला सांगते. दोन्ही गोष्टी इथे एकच आहेत. आणि ज्यांच्या घरी ‘नव्हतं’ऐवजी ‘न्हवतं’ म्हणतात, त्या मराठी मुलांच्या बोलीलाही ‘अशुद्ध’ म्हणू नका. प्रमाण मराठी शिकवा, पण ती आणखी एक भाषा म्हणून शिकवा.

पायरी ५: कागद, योजना आणि जातीचा रकाना

इथे दोन टोकांच्या चुका होतात. काही शाळा वर्गात उभ्याने विचारतात, ‘एससी-एसटीची मुलं हात वर करा, फॉर्म आलेत.’ काही शाळा उलट ‘आम्ही जात मानत नाही’ म्हणून जनरल रजिस्टरमध्ये जातीची नोंद अर्धवट ठेवतात. दुसरी चूक पुढे जास्त महागात पडते. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी शाळेची नोंद मुख्य पुरावा ठरते. ती चुकली तर कॉलेजच्या वेळी घरच्यांना खेटे घालावे लागतात. म्हणून रजिस्टरमध्ये नोंद अचूक, पालकांनी आणलेल्या कागदावरून, जात आणि पोटजात स्पष्ट लिहून करा. रजिस्टर कपाटात ठेवा. रोजच्या हजेरीच्या पानावर, भिंतीवरच्या यादीवर, व्हॉट्सॲप गटावर प्रवर्ग अजिबात नको. शिष्यवृत्ती, उपस्थिती भत्ता, गणवेश, यांसाठी पालकांना एकेकटे बोलवा किंवा चिठ्ठी पाठवा. पैसे किंवा वस्तू देताना फोटो काढून गटावर टाकायची सवय सोडा.

प्रवेशाच्या वेळी जन्माचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ आहे. आधार नाही म्हणूनही नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात ते स्पष्ट केले आहे. ऊसतोडीला गेलेले मूल मार्चमध्ये परत आले तर ‘आता पुढच्या जूनमध्ये या’ म्हणू नका. त्याला वयानुरूप वर्गात घ्यायचे आणि राहिलेला भाग वेगळा शिकवायचा, असे त्याच कायद्याचे कलम ४ सांगते. दिवाळीनंतर कुटुंबे निघायच्या आत शिक्षण हमी कार्ड भरून द्या, म्हणजे मुलाला जाईल त्या गावच्या शाळेत ते दाखवता येते. मूल आजी-आजोबांजवळ राहू शकत असेल तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेवर पाठवा.

पायरी ६: मुली, दिव्यांग मुले, आजारी मुले

मुलींचे थोडक्यात, कारण यावर बरेच लिहिले जाते आणि तरीही स्वच्छतागृहाला कडी नसते. आधी कडी, पाणी आणि झाकणाची बादली. मग बाकीचे. पाळीच्या दिवसांत प्रार्थनेला किंवा पूजेला मुलीला बाजूला बसवणारी शाळा मी पाहिली आहे. ते त्या दिवशीच थांबवले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत, आणि त्यांतली बरीच डोळ्यांना दिसत नाहीत. अध्ययन अक्षमता असलेले मूल ‘आळशी’ म्हणून वर्षानुवर्षे मागे बसते. शंका आली की समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षकाला बोलवा. चालता न येणारे मूल असेल तर त्याचा वर्ग खालच्या मजल्यावर आणा, वर्ग हलतो, मुलाला उचलून नेऊ नका. सहल ठरवताना ते मूल येऊ शकेल अशीच जागा निवडा. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलाची माहिती मुख्याध्यापकांना कळली तर ती तिथेच थांबली पाहिजे. २०१७ चा कायदा शाळेतल्या भेदभावाला मनाई करतो आणि गोपनीयता राखायला सांगतो.

पायरी ७: तक्रार आली तर

मूल बोलले तर ते उभ्याने, घाईत, तुम्ही सायकल काढत असताना बोलेल. थांबा. ‘नक्की असंच म्हणाला का’ असा उलटतपास करू नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा आणि त्याच दिवशी त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारीख आणि वेळ घाला.

मग क्रमाने: त्या दिवशीच मुख्याध्यापकांना सांगा आणि पालकांना भेटा. तक्रार केलेल्या मुलाची जागा, वर्ग किंवा रांग बदलू नका, बदलायचीच तर समोरच्याची बदला. दोघांना वर्गासमोर उभे करून हात मिळवायला लावू नका. त्या क्षणी सगळा वर्ग तक्रार करणाऱ्याकडेच बघत असतो आणि पुन्हा ते मूल तोंड उघडत नाही. चूक केलेले मूल लहान असेल तर त्याच्याशी वर्गाबाहेर, पालकांसमोर बोला. ते शब्द त्याने कुठे ऐकले हे समजून घ्या.

चूक शिक्षकाची किंवा कर्मचाऱ्याची असेल तर शाळेतल्या शाळेत मिटवू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार कुणीही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकते, आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. व्यवहारात अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, प्रत शिक्षणाधिकारी प्राथमिक यांना पाठवा, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. निर्णय पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. जातिवाचक शिवी, शाळेत येण्यास अडवणे, पाण्याला हात लावू न देणे असे घडले असेल तर प्रकरण १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात किंवा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात बसू शकते आणि पालकांना पोलिसांत जाण्याचा पूर्ण हक्क आहे. ‘गावात राहायचंय, मिटवून घ्या’ असे सांगणे हे मुख्याध्यापकांचे काम नाही. मुलाला तातडीची मदत लागली तर १०९८ हा क्रमांक दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा.

तक्रारपेटीबद्दल एकच सूचना. ती ऑफिसच्या दाराशी असेल तर रिकामीच राहणार. मुलांना एकटे असताना हात पोचेल अशा जागी लावा, दर आठवड्याला समितीतल्या एका आईच्या हजेरीत उघडा. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर असेल तर तिची पहिली बैठक या पेटीसमोर घ्या.

पायरी ८: समिती आणि गाव

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात, आणि वंचित घटकांच्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा हवी, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २१ म्हणते. नावे असतात. बैठक मात्र सकाळी अकराला होते, मजुरीला गेलेली आई येत नाही आणि सही नंतर घरी जाऊन घेतली जाते. बैठक संध्याकाळी सातला घ्या, कधी वस्तीवरच्या समाजमंदिरात घ्या. सगळे एकाच सतरंजीवर बसतील एवढे बघा, खुर्च्या मांडल्या की पुन्हा उतरंड सुरू होते. पायरी १ मधले नकाशे नावे काढून तिथे ठेवा. कोऱ्या चौकोनांचा कागद पाहून आयाच बोलायला लागतात. इतिवृत्तात त्यांचे म्हणणे जसेच्या तसे लिहा.

गावचे पुढारी दबाव आणतील तेव्हा एकट्याने लढू नका. केंद्रप्रमुखांना लेखी कळवा, पुढचे सगळे लेखी ठेवा.

पायरी ९: मूल दुसऱ्या शाळेत जाते तेव्हा

हे कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त गळती इथेच होते. चौथी किंवा सातवी झाली की आपले मूल मोठ्या गावच्या शाळेत जाते. आपल्याकडे फिरत्या जागेवर बसणारे, पंगतीत वाढणारे पोर तिथे पुन्हा शेवटच्या बाकावर जाते आणि दिवाळीनंतर येणेच बंद करते. दाखला मागितल्या दिवशीच द्या, तो अडवता येत नाही. जून संपता संपता त्या शाळेच्या वर्गशिक्षकांना भेटा, मुलाला काय छान येते ते सांगा: पाढे, चित्र, कबड्डी, मोठ्याने वाचणे. मग ऑगस्टमध्ये एकदा मधल्या सुट्टीत जा आणि ते कुणाबरोबर डबा खाते आहे, तेवढे बघून या.